ठरलेला वार

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार पानांत अकरा प्रश्न. अपंग लेकरांच्या आयांचा गट काढते आहेस, तर त्याचं नाव काय ठेवू, सोसायटी करू की ट्रस्ट, धर्मादाय आयुक्तांकडे कधी जाऊ, बोधचिन्ह कुणाकडून काढून घेऊ, देणगीदार कुठून आणू. आणि अगदी शेवटी, जाता जाता लिहावं तसं: 'मागच्या रविवारी तीन आया येऊन गेल्या म्हणे, पण मी कार्यशाळेला कोल्हापूरला गेले होते.' त्या ओळीवर माझा चहा गार झाला.

पोरी, त्या तिघी कोण होत्या? कुठून आल्या होत्या? लेकरं बरोबर होती का? यातलं एकही तू लिहिलेलं नाहीस.

तुझ्या प्रश्नांकडे येते, पण आधी हे ऐक. एक वार ठरव, एक वेळ ठरव, एक जागा ठरव. आणि तो वार चुकवू नकोस. पाऊस असो, पाहुणे असोत, कुणी येवो न येवो, ठरल्या वेळी दार उघडं पाहिजे आणि आत तू बसलेली पाहिजेस.

मी हे कुठे शिकले ते सांगते. आमचा गट साताऱ्यातल्या एका शाळेच्या वर्गात भरायचा, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची होती, सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर ताबा नसलेली. गटाला दोन वर्षंही झाली नव्हती. एका दुसऱ्या शनिवारी तीनचाकी सायकलींच्या वाटपाचा मोठा कार्यक्रम निघाला. मंडप, पाहुणे, सत्कार. मला व्यासपीठावर बोलावलं आणि मी गेले. नेहमीच्या आयांना निरोप दिले होते. नवीन कुणी येईल हे मनातही आलं नाही.

सोमवारी शाळेचे शिपाईमामा म्हणाले, एक बाई पायरीवर दीड तास बसून होती. माण तालुक्यातून आलेली, दहिवडीला गाडी बदलून. कडेवर नऊ वर्षांचा मुलगा. कुणीतरी तिला सांगितलं होतं, साताऱ्याला जा, तिथं तुझ्यासारख्या बायका भेटतात. एक दिवसाची मजुरी बुडवून आणि तिकिटाला उसने पैसे घेऊन ती आली होती. मामांकडे तिच्या गावाचं नाव होतं, म्हणून मी पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. मग स्वतः गेले, पण जायला मला पाच महिने लागले. तिने पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाली, 'ताई, आता नाही यायचं.' मुलाचे गुडघे आखडलेले होते. अशा मुलांना रोज व्यायाम दिला नाही की स्नायू ताठरतात, सांधे धरतात, आणि मग ते सोडवणं फार अवघड होतं. माझ्या लेकीला मी तो व्यायाम सकाळ-संध्याकाळ देत होते. त्या बाईला तो दाखवायला अर्धा तास पुरला असता. त्या शनिवारी माझ्याकडे तो अर्धा तास होता आणि मी गळ्यात हार घालून बसले होते.

त्यानंतर मी एकही दुसरा शनिवार चुकवला नाही. सासूबाईंच्या दहाव्याच्या दिवशीसुद्धा घाटावरून परस्पर शाळेत गेले. नणंद त्यावरून माझ्याशी आजही नीट बोलत नाही. सासूबाईंचं अंथरुणावरचं सगळं मी चार वर्षं केलं होतं, हे तिलाही माहीत आहे. त्या दिवशी वर्गात सहा बायका आल्या होत्या, त्यातली एक पहिल्यांदाच. माझं काय चुकलं, तूच सांग. २०२० च्या टाळेबंदीत शाळा बंद होती, तर चार ते सहा मी घरच्या फोनपाशी वही घेऊन बसायचे आणि एकेकीला फोन लावायचे. माझ्या बरोबरीच्या दोघी याच हट्टापायी गट सोडून गेल्या. 'तुम्हाला माणसांपेक्षा वार मोठा' असं म्हणाल्या. मला ते आजही पटत नाही. माणसं येतात ती वारावर विसंबून.

आणि आपलं काम एका भेटीत होणारं नाहीच. तुझ्या भावाच्या वेळी तू पाहिलंस. युडीआयडीचा, म्हणजे अपंगत्वाच्या ओळखपत्राचा अर्ज ऑनलाइन भरला, मग सिव्हिलला तपासणीची तारीख, मग टक्केवारी. ४० च्या आत आली की बहुतेक योजनांची दारं बंद, मग पुन्हा तपासणीसाठी खटपट. संजय गांधी निराधार योजनेच्या अनुदानासाठी तलाठ्याकडे, तहसीलला, आणि पुढे दरवर्षी हयातीचा दाखला. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेल त्यात आले. पण ज्या बाईच्या घरी ते लेकरू आहे तिला हे कोण सांगणार? ग्रामपंचायतीच्या स्वनिधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत. एकटी आई ग्रामसभेत उठून हे विचारत नाही. दर महिन्याला भेटणाऱ्या आठ जणी मिळून विचारतात. मुलगा १८ वर्षांचा झाला की बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी कायदेशीर पालकत्व जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून घ्यावं लागतं, १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली. तुझा भाऊ सतराचा झाला ना? बघ, हे तुलाही कुणी सांगितलेलं नाही.

आता तुझे प्रश्न. सोसायटीला किमान सात जण लागतात. आपल्या राज्यात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंद होते, म्हणजे दरवर्षी हिशेब तपासणी आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. वर्षभर न चुकता येणारे सात जण दिसले की मग नोंदणी कर. त्या सातांत स्वतः अपंग असलेली माणसं हवीत. आमच्याकडे एक अंध गृहस्थ यायचे. मी त्यांच्या भावाला विचारलं, 'यांना चहा चालतो का?' ते शांतपणे म्हणाले, 'ताई, मला विचारा.' पुढे अकरा वर्षं गटाचा हिशेब त्यांनी ब्रेलमध्ये ठेवला.

पैशाचं म्हणशील तर डबा ठेव, ज्याला जमेल त्याने पाच-दहा रुपये टाकावेत. आपल्या साताऱ्यात कर्मवीरअण्णांनी, भाऊराव पाटलांनी, मुष्टिफंडावर, म्हणजे घराघरातून मूठमूठ धान्य गोळा करून वसतिगृह चालवलं, आणि पोरांच्या जेवणात खंड पडू नये म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. तुला फक्त एका खोलीचं दार उघडायचं आहे.

जागा तळमजल्यावर हवी, पायऱ्या नकोत, संडासाचं दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद. वार आयांना विचारून ठरव. उसाच्या कामावर जाणारीला, एमआयडीसीत पाळी असलेलीला कधी जमतं ते त्याच सांगतील. तुझी सोय शेवटी. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे आणि अपंगांना ७५ टक्के सवलत, त्यामुळे येणं थोडं सोपं झालंय. बुडालेली मजुरी मात्र त्यांना कुणी भरून देत नाही, ते ध्यानात ठेव.

रागावले असेन तर रागावू दे. माझ्याकडे तू पहिल्यांदा आलीस तेव्हा तुझा भाऊ तुझ्या ओढणीचं टोक धरून बसला होता आणि तासभर त्याने ते सोडलं नाही. म्हणून एवढं लिहिलं.

उद्याच त्या तिघींचा पत्ता काढ आणि घरी जाऊन ये. त्यांना विचारूनच पहिला वार ठरव आणि मला कळव. त्या दिवशी मी कोरेगावला येते. सतरंजी आणि चहाची किटली माझ्याकडे आहे, घेऊन येईन. खोलीच्या दोन किल्ल्या करून घे. दुसरी त्या तिघींपैकी जी जवळ राहते तिच्याकडे दे.

तुझी,
ताई