वाचकांचे प्रश्न : हिरवळीची कामं मार्च तापायच्या आत

हिरवळीबद्दल आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. उत्तरांतल्या सगळ्या मात्रा १००० चौरस फुटांसाठी, म्हणजे जवळपास एक गुंठ्यासाठी आहेत. आपली जागा लहान-मोठी असेल तर त्या हिशेबाने मात्रा कमी-जास्त करावी.

प्रश्न : घरापुढची हिरवळ थंडीत पार पिवळी पडली. नर्सरीवाले म्हणतात बारीक कापून टाका, शेजारी म्हणतात आधी युरिया द्या. नेमकं काय करावं आणि कधी?
– एक वाचक, जळगाव

उत्तर : नर्सरीवाल्यांचं बरोबर आहे. युरियाही द्यायचा आहे, पण नंतर.

आपल्याकडे लावतात ती हरळी, ‘सिलेक्शन वन’, मेक्सिकन, ही सगळी उष्ण हवेची गवतं. रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर आला की त्यांची वाढ थांबते आणि पानं वाळतात. गवत मात्र मेलेलं नसतं. जमिनीलगतची एक आडवी काडी नखाने खरवडून बघा. आत हिरवट-पांढरी आणि ओलसर असेल तर ती जिवंत आहे. काडी पोकळ, तपकिरी असून कडकन मोडत असेल तर तेवढा तुकडा गेला असं समजा.

खानदेशात या कामाला मिळणारा काळ फार आखूड असतो. साधारण १० फेब्रुवारी ते १५ मार्च एवढाच. त्याआधी गवताला जाग नसते आणि त्यानंतर पारा चाळिशीकडे निघतो. मग उघडी पडलेली खोडं करपतात. थंड प्रदेशांसाठी लिहिलेली वेळापत्रकं पाहून एप्रिल-मेमध्ये जोराची कापणी करणाऱ्यांची हिरवळ इथे हमखास जाते.

कापणीआधी दोन-तीन दिवस पाणी बंद ठेवा. यंत्र आधी ३० मिलिमीटरवर लावून एकदा फिरवा आणि चार दिवसांनी २० मिलिमीटरवर. एरवी एका वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये हा नियम आहे. वर्षातून ही एकच वेळ तो मोडण्याची, आणि तीही फक्त हरळीच्या जातींसाठी. मेक्सिकन गवत सावकाश भरून येतं, ते २५-३० मिलिमीटरच्या खाली नेऊ नका.

कापल्यावर तारेच्या पंजाने आडवं-उभं ओढून वाळकं गवत काढा. माती आणि हिरव्या पानांच्या मधला वाळक्या काड्यांचा थर खुरप्याने छोटा चौकोन कापून मोजता येतो. तो १२ मिलिमीटरपेक्षा जाड असेल तर पाणी आणि खत त्यातच अडकतं, मुळापर्यंत जात नाही. या वेळचं कापलेलं सगळं गवत बाहेर टाका. पुढच्या नेहमीच्या कापणीतलं बारीक गवत तिथेच पडू दिलं तर चालतं, ते कुजून नत्रच देतं.

पाणी सुरू केल्यावर निम्मं-अधिक क्षेत्र हिरवं दिसलं की खताचा पहिला हप्ता. अर्धा किलो युरिया किंवा १.१ किलो अमोनियम सल्फेट. आपल्या चुनखडीच्या जमिनीत आम्ही अमोनियम सल्फेट पसंत करतो, कारण ते थोडं आम्ल आहे आणि गंधकही देतं. खत पाचेक किलो कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभ्या आणि अर्धं आडव्या दिशेने फेका, म्हणजे पट्टे उठत नाहीत. पानं कोरडी हवीत. दवावर किंवा ओल्या पानांवर खताचे दाणे चिकटले की ठिपके-ठिपके जळतात. फेकून झाल्यावर लगेच पाणी द्या. युरिया उघडा राहिला तर अशा जमिनीत त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. तेवढाच दुसरा हप्ता पंधरा-वीस दिवसांनी, २० मार्चच्या आत. एप्रिल-मेमध्ये नत्र देऊ नका. कोवळी वाढ पाणी जास्त मागते आणि नेमकं तेव्हाच पाणी कमी असतं.

पुढे उंची वाढवत न्या : मार्चमध्ये ३०, एप्रिलमध्ये ४०, मेमध्ये ४५-५० मिलिमीटर. उंच गवताच्या सावलीत माती कमी तापते आणि मुळंही खोल जातात. पात्याला धारही लावून घ्या. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे पांढरट शेंडे दिसले तर दोष पात्याचा आहे, रोगाचा नाही.

प्रश्न : आमची काळी जमीन. पाणी दिलं की वरून वाहून गटारात जातं आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा पडतात. वर वाळू टाकली तरी फरक नाही.
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : नुसती वर टाकलेली वाळू चिकणमातीवर वेगळा थर होऊन बसते, म्हणून फरक पडत नाही. आधी जमिनीला भोकं पाडावी लागतात आणि वाळू त्या भोकांत उतरवावी लागते.

हे काम वाफशावरच करायचं. ओल्या काळ्या मातीत भोकांच्या भिंती लिंपल्यासारख्या चोपड्या होतात. सुक्या मातीत अवजार शिरतच नाही. पाणी दिल्यावर दोन-तीन दिवसांनी मूठभर माती दाबून पाहा. ढेकूळ होतं, पण बोटाने ढकललं की फुटतं आणि हाताला चिकटत नाही, अशा दिवशी सुरुवात करा.

साध्या दाताळ फावड्याने माती बाजूला दाबली जाते, भोकाची भिंत उलट घट्ट होते. मातीची गुळी बाहेर काढणारं पोकळ दातांचं अवजार हवं. ते विकत मिळालं नाही तर वेल्डरकडून करून घेता येतं. अर्ध्या इंची जीआय पाइपचे चार-पाच तुकडे खालून तिरके कापून, पाय ठेवायच्या आडव्या पट्टीवर लावायचे. प्रत्येक तुकड्याला बाजूने लांबट खाच ठेवायला सांगा. ती नसेल तर माती आत अडकते आणि दर चार भोकांनंतर काडीने कोरत बसावं लागतं. भोकं ८-१० सेंटिमीटर खोल आणि एकमेकांपासून १०-१२ सेंटिमीटरवर पाडा. बाहेर आलेल्या काळ्या गुळ्या झाडून न्या.

मग तीन भाग जाडसर वाळू आणि एक भाग चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट असं मिश्रण करा. पाच मिलिमीटर थरासाठी १६-१७ घनफूट लागतं, म्हणजे ब्रासचा साधारण सहावा भाग. नदीची वाळू मिळणं अवघड झालं आहे, क्रश सँड चालते. मात्र धुतलेली घ्या. भुकटी असलेली वाळू भोकात जाऊन सिमेंटसारखी बसते. खराट्याने मिश्रण भोकांत ढकला. शेवटी गवताचे शेंडे वर दिसत राहिले पाहिजेत, नाहीतर ते खाली गुदमरतं.

पाणी एका दमात देऊ नका. दहा मिनिटं द्या, अर्धा तास थांबा, पुन्हा दहा मिनिटं. काळी माती सुरुवातीला भेगांतून भराभर पाणी घेते, मग फुगून तोंड बंद करते. पुढचं पाणी वाहून जातं ते त्यामुळे. भेगा पडल्याच तर सुक्या असतानाच याच मिश्रणाने भरा, काळ्या मातीने नको. एका वर्षात जमीन बदलत नाही. दर फेब्रुवारीत हे केलं तर तिसऱ्या वर्षी पाय ठेवताच फरक कळतो.

प्रश्न : दोनदा युरिया देऊनही पानं पिवळीच. कोवळी पानं तर जवळजवळ पांढरी.
– एक वाचक, धुळे

उत्तर : कोवळं पान पिवळं, शिरा हिरव्या आणि जुनी पानं ठीक असतील तर ती लोहाची कमतरता आहे. नत्र कमी असता तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडली असती. आणखी युरिया देऊ नका. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना उचलता येत नाही. त्यामुळे हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, जमिनीत टाकूनही फार उपयोग होत नाही, फवारावं लागतं.

दहा लिटर पाण्यात आधी १० ग्रॅम सायट्रिक ॲसिड विरघळवा, मग ५० ग्रॅम हिराकस. द्रावण फिकट हिरवं राहिलं पाहिजे. तांबूस झालं तर लोह वाया गेलं, ते फवारू नका. ऊन कलल्यावर फवारा आणि सकाळपर्यंत पाणी देऊ नका. तीन-चार दिवसांत रंग फिरतो. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. फरशीवर आणि भिंतीवर थेंब उडाले तर तत्काळ धुवा, गंजाचा डाग नंतर निघत नाही. जमीन सतत ओली असेल तर हा पिवळेपणा वाढतो, तेव्हा पाण्याचं अंतरही वाढवून बघा.

प्रश्न : लव्हाळ्याने जीव मेटाकुटीला आला आहे. जितका उपटावा तितका वाढतो. शेतातलं २,४-डी तणनाशक घरी आहे, ते मारू का?
– एक वाचक, चाळीसगाव

उत्तर : मारू नका. २,४-डीने लव्हाळ्याचा वरचा भाग वाकडा होतो, जमिनीतल्या गाठी राहतात. त्याहून मोठा धोका कपाशीचा आहे. कपाशीला २,४-डी अगदी अल्प प्रमाणातही सोसत नाही. त्याच पंपाने पुढे कपाशी फवारली तर पानं पंजासारखी चिरतात. टोमॅटो, भेंडीलाही इजा होते. ग्लायफोसेट लव्हाळ्याबरोबर हरळीही मारतं. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिळतं, पण लेबलवर ऊस लिहिलेलं औषध मुलं खेळतात त्या अंगणात वापरा असं आम्ही सांगणार नाही.

उपटल्यावर तो वाढतो याला कारण आहे. जमिनीत गाठींची माळ असते. टोकाची गाठ जागी असते आणि ती मागच्यांना झोपवून ठेवते. वरून ओढलं की माळ तुटते आणि मागच्या सगळ्या गाठी फुटतात. म्हणून ओढू नका, खणा. वाफशावर अरुंद खुरपं १५-२० सेंटिमीटर खोल घालून गाठीसकट काढा. कोंब चार-पाच पानांवर असतानाच हे करायचं, कारण तीन-चार आठवड्यांचं रोप नव्या गाठी धरू लागतं. दर पंधरा दिवसांनी एक फेरी, पाऊस येईपर्यंत. पावसात तो पसरतो, त्यामुळे उन्हाळ्यातल्या फेऱ्या चुकवू नका.

काढलेल्या गाठी कंपोस्टमध्ये कधीही टाकू नका. फरशीवर पातळ पसरून आठ-दहा दिवस आपल्या उन्हात वाळवल्या की मरतात. आणि लव्हाळा आला कुठून तेही पाहा. बहुतेक वेळा तो शेतातून आणलेल्या मातीतून किंवा अर्धवट कुजलेल्या शेणखतातून येतो.

प्रश्न : हिरवळीत तपकिरी गोल डाग पडले आहेत. हुमणी असेल का? कोणतं औषध टाकू?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : फेब्रुवारी-मार्चमध्ये हुमणीची शक्यता कमी. आपल्याकडे तिचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या सरींनंतर बाहेर येतात, रात्री कडुनिंब-बाभळीवर पाला खातात आणि अळ्या मुळं कुरतडतात त्या पावसाळ्यात. वसंतात कीटकनाशक टाकून काही साधत नाही. जूनच्या सुमाराला रात्री फांद्या हलवून भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात पाडणं, हा तिच्यावरचा खरा उपाय.

आता डाग तपासा. गवत मूठभर धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं तर मुळं खाल्ली आहेत. घट्ट असेल तर डागात आणि शेजारी लांब स्क्रूड्रायव्हर खुपसा. डागात तो शिरत नसेल तर जागा कोरडी आहे, पाणी तिथे पोचत नाही. अशा जागी खाली विटांचे तुकडे, बांधकामाचा मलबाही निघतो. मध्ये जळालेलं आणि भोवती गर्द हिरवं कडं असेल तर ते कुत्र्याचं मूत्र. तिथे बादलीभर पाणी ओतून मीठ खाली उतरवा. मातीचे बारीक बोगदे दिसले तर वाळवी. ती वाळक्या थरावर जगते, तो काढून ओल ठेवली की बरीच कमी होते. रुपयाच्या नाण्याएवढे फिकट डाग आणि पहाटे त्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू, एवढंच बुरशीचं लक्षण. ती बहुधा उपाशी गवतावर येते. वर सांगितलेला खताचा हप्ता द्या आणि संध्याकाळचं पाणी बंद करा.

प्रश्न : पाडव्याला वास्तुशांत आहे. रायग्रासचं बी मागवून आत्ताच पेरलं तर तोवर हिरवळ होईल का?
– एक वाचक, शहादा

उत्तर : उगवेल, हिरवंगारही दिसेल, आणि पुढच्या उन्हात वाळून जाईल. ते थंडीचं गवत आहे. कार्यक्रमापुरतं हवं असेल तर दर्शनी भागात हरळीचे तयार गालिचे बसवा. गाडीतून उतरले की त्याच दिवशी, ओल्या जमिनीवर, सांधे विटांसारखे आडवे-तिडवे ठेवून आणि वरून रोलर फिरवून. पहिले दहा दिवस दिवसातून दोनदा पाणी. उरलेल्या जागेत पहिल्या चांगल्या पावसानंतर हरळीच्या काड्या १० बाय १० सेंटिमीटरवर टोचा. खर्च निम्म्याहून कमी येईल.

प्रश्न : कडुनिंबाखाली गवत टिकत नाही.
– एक वाचक, यावल

उत्तर : हरळीला रोज किमान सहा तास ऊन लागतं. खालच्या फांद्या काढून तेवढं ऊन येत नसेल तर तिथे गवताचा हट्ट सोडा. खोडाभोवती पाल्याचं आच्छादन किंवा फरशी बरी. बाकीच्या हिरवळीवर पडणारी फेब्रुवारी-मार्चमधली पानगळ रोज झाडा. आठवडाभर साचली तर खालचे नवे कोंब पांढरे पडतात.

प्रश्न : किती पाणी द्यावं? नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येतं. वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं तर चालेल का?
– एक वाचक, नंदुरबार

उत्तर : एक चौरस मीटरवर एक लिटर म्हणजे एक मिलिमीटर. मार्चमध्ये हिरवळीला आठवड्याला साधारण ३० मिलिमीटर लागतं, म्हणजे गुंठ्याला २८०० लिटर, दोन पाळ्यांत विभागून. मेमध्ये गर्द हिरवं ठेवायचं तर ४०-४५ मिलिमीटर. आपण किती देतो हे कळायला सरळ बाजूंचे पाच डबे हिरवळीवर ठेवा, फवारा पंधरा मिनिटं चालवा आणि पट्टीने पाणी मोजा. डब्याडब्यांत निम्मा-दुप्पट फरक निघाला तर आधी फवाऱ्याची जागा बदला.

पाणी रोज थोडं-थोडं देऊ नका, मुळं वरच राहतात. गवतावरून चालल्यावर पावलाचे ठसे बराच वेळ उठून दिसले, रंग निळसर-करडा झाला, की पाण्याची वेळ आली. पहाटे द्या.

वॉशिंग मशीनच्या पाण्यात सोडियम असतो. काळ्या मातीत तो साचला की जमीन चोपण होते, निचरा बंद पडतो, आणि ती परत आणायला जिप्सम घालून भरपूर गोड्या पाण्याने धुवावी लागते. ते गोडं पाणी आपल्याकडे नाही म्हणून तर हा प्रश्न आहे. साध्या साबणाचं आंघोळीचं पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी, जागा बदलत वापरलं तर चालतं. बोअरच्या पाण्याने मातीवर पांढरा थर येत असेल तर जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत माती आणि पाणी दोन्ही तपासा. जिप्समची मात्रा अहवालावरून ठरते, अंदाजाने टाकू नये.

आणि पाणी खरंच पुरणार नसेल तर एप्रिलपासून हरळी पिवळी होऊ द्या. दर दहा दिवसांनी १२ मिलिमीटर, म्हणजे गुंठ्याला ११०० लिटर, एवढ्यावर तिची खोडं जिवंत राहतात. त्या काळात कापणी नाही, खत नाही आणि तिच्यावर गाडी उभी करणं किंवा मांडव घालणं नाही.