बारीक बाईसुद्धा घोरते

प्रश्न : वय ५२, अंगाने बारीक. पाळी गेल्यापासून मी घोरते, असं घरचे म्हणतात. ह्यांनी त्याचं रेकॉर्डिंग करून घरच्या ग्रुपवर टाकलं, सगळे पोट धरून हसले. लाजेपायी मैत्रिणींच्या सहलीला नाही म्हटलं. रात्री सारखी जाग येते म्हणून झोपेची गोळी घेते. काय करू?

उत्तर : ताई, हसणाऱ्यांचं नंतर बघू. मला काळजी त्या गोळीची वाटते.

झोपेत सगळ्यांचेच घशाचे स्नायू सैलावतात. वाट अरुंद झाली की हवा रेटून आत जाते, टाळूचा मऊ भाग आणि पडजीभ थरथरते, तोच हा आवाज. दारूने आणि झोपेच्या काही गोळ्यांनी हे स्नायू आणखी ढिले पडतात. तुमची गोळी त्यातली आहे का, हे ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारा. मनाने एकदम बंद मात्र करू नका.

वजन आणि गळ्याभोवतीची चरबी हे घोरण्याचं मोठं कारण, म्हणून बारीक माणसाकडे कोणी लक्षच देत नाही. पण जबडा लहान असला, टॉन्सिल मोठे असले, नाकाचं हाड वाकडं असलं किंवा नाक सतत चोंदलेलं असलं, तरी माणूस घोरतं. पाळी गेल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) घटतं. श्वासाला चालना देण्यात त्याचा वाटा असतो, त्यामुळे या वयात बायकांचं घोरणं वाढतं. थायरॉइडही तपासून घ्या.

आता ते रेकॉर्डिंग. ग्रुपवर टाकणं हा निव्वळ आगाऊपणा, ते काढायला लावा. पण फोनमधून पुसू देऊ नका, डॉक्टरांच्या ते कामाचं आहे. घोरता घोरता मध्येच शांतता आणि मग धाप लागल्यासारखा श्वास, असं ऐकू येतं का? १० सेकंद किंवा जास्त वेळ श्वास अडकणं तासाला ५ वेळा वा अधिक होत असेल, तर तो स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. बायकांमध्ये तो बऱ्याचदा थकवा, सकाळची डोकेदुखी आणि तुटक झोप अशा रूपात दिसतो आणि निद्रानाश समजून गोळी दिली जाते. तुमचंही तसंच झालं असेल. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, स्लीप स्टडीबद्दल, म्हणजे झोपेत श्वास कसा चालतो त्या तपासणीबद्दल विचारा, रक्तदाबही मोजून घ्या.

तोवर उताणं झोपू नका, जीभ मागे पडते. कुशीवर झोपा. आणि मैत्रिणींना आजच फोन करून सहलीला येते म्हणून सांगा. त्यांच्यातलीही एखादी घोरत असेलच.