आप्पांना तिकडे भाजेल का?

‘ताई, सासरे गेले तेव्हा आम्ही शिरपूरजवळच्या गावी दोन आठवडे होतो. रोज संध्याकाळी ओट्यावर गरुडपुराण वाचायचे. नऊ वर्षांची लेक सगळं ऐकत बसायची. मेलबर्नला आल्यापासून रात्री दचकून उठते. आप्पांना उकळत्या तेलात टाकलं असेल का, विचारते. आणि आत्मा जळत नाही म्हणतात, मग भाजतं कोणाला? मला उत्तर देता येत नाही.’

सांत्वनाला दारावर येणारे आम्ही मोठे लोक जे विचारायला कचरतो, ते तुमच्या लेकीने विचारलं. तिला गप्प करू नका.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याला अग्नी जाळत नाही, आणि पुराणात जीवाचे हाल. या दोहोंच्या मधे सूक्ष्म देह आहे. मन, बुद्धी, इंद्रियांची शक्ती, जन्मभराचे संस्कार, असं ते गाठोडं. वारा फुलातला वास घेऊन जातो तसा जीव हे सोबत घेऊन निघतो, असं पंधराव्या अध्यायात म्हटलंय. सुखदुःख लागतं ते या गाठोड्याला. तिला स्वप्नाचं सांगा: कुत्रा मागे लागतो, आपण धावतो, घाबरतो, आणि अंग तर गादीवरच असतं.

भोग भोगायला जीवाला यातनादेह मिळतो, भोग सरला की तो सुटतो. आपल्याकडे नरक कायमचा नाही. हे तिला दोनदा सांगा. तेलाचा नरक म्हणजे कुंभीपाक. भागवताच्या पाचव्या स्कंधात अठ्ठावीस नरक आहेत, त्यात हा जिवंत पशुपक्ष्यांना शिजवणाऱ्यांसाठी आहे. आप्पा गोठ्यातल्या गुरांशी कसे वागायचे, ते तिला सांगा. भीती तिथेच निम्मी उतरेल.

पण ओट्यावर तिने ऐकलेलं सगळंच भीतीचं नव्हतं, आणि मला खरं बोलायचंय ते त्या दुसऱ्या भागाबद्दल. चितेवर देह गेला की जीवाला अंगच उरत नाही. ते घरच्यांनी द्यायचं. पहिल्या दिवशीच्या पिंडाने डोकं, दुसऱ्याने मान नि खांदे, तिसऱ्याने हृदय, मग पाठ, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे, पाय. दहा दिवसांत हातभर देह तयार होतो. आई गेली तेव्हा प्रकाशा गावी तापीच्या घाटावर ही यादी मी पहिल्यांदा नीट ऐकली. मनात आलं, जिने आम्हाला नऊ महिने घडवलं तिला आता माझा भाऊ घडवतोय. मी तिथेच रडले.

दहाव्या पिंडाने काय येतं माहीत आहे? भूक आणि तहान. म्हणून पुढचं सगळं खाऊपिऊ घालण्याचं. बाराव्याला सपिंडीने जीव पितरांत मिळतो, गंधमुक्ती होते म्हणजे घरच्यांचं सुतक फिटतं, तरी वर्षभर त्याची वाट चालू असते असं मानतात. (उपनिषदात निराळं आहे: गवतावरची अळी पुढची काडी धरते नि मागची सोडते, तसा जीव दुसरा देह धरतो. दोन्ही आपलंच. लेकीला अळी आवडली तर अळी सांगा.)

येत्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आप्पांची पहिली घागर असेल. ती तिच्या हातून भरून घ्या. मातीची घागर, वर पाण्याचा लोटा, खरबूज, सांजोरी, आंबा. तुमच्याकडे तेव्हा आंब्याचा हंगाम नसतो, तर आप्पांच्या आवडीचं कुठलंही फळ चालेल. आगारी, म्हणजे पितरांच्या नावाचा घास विस्तवात टाकायला फ्लॅटमध्ये विस्तव करू नका, धुराचा अलार्म वाजेल. घास बाहेर पाखरांना ठेवा.

घागर भरताना तिला आप्पांशी बोलायचं असेल तर अहिराणीतलं ‘पानी पी ल्या, आप्पा’ एवढं शिकवून ठेवा.