हिंदू परंपरेत सृष्टीच्या उत्पत्तीची मूळ कथा नेमकी कोणती?

कुठे अंड्यातून जग, कुठे कमळातून ब्रह्मदेव, कुठे यज्ञात बळी गेलेल्या पुरुषातून सगळं. मग यातली खरी कोणती, असं तुम्ही विचारलंय. एकच अशी नाहीच. पुराणांपर्यंत जायचीही गरज नाही, ऋग्वेदाच्या एकट्या दहाव्या मंडलात तीन निरनिराळी उत्तरं सापडतात. यज्ञात बळी गेलेल्या पुरुषाची कथा सांगणारं पुरुषसूक्त (१०.९०) तर घरोघरी ऐकू येतं, त्याच्या सोळा ऋचा आणि पूजेचे सोळा उपचार, असा हिशेब गुरुजी बरोबर जुळवतात. हिरण्यगर्भसूक्त (१०.१२१) आधी सोन्याचा गर्भ होता म्हणतं. आणि नासदीय सूक्त (१०.१२९) म्हणतं की देवसुद्धा सृष्टीनंतरचे, तेव्हा सांगणार कोण? परम आकाशात बसून हे सगळं पाहणारा जाणत असेल, की तोही जाणत नसेल! सूक्त तिथेच संपतं.

मला स्वतःला सगळ्यांत आवडते ती शतपथ ब्राह्मण या यज्ञविधी सांगणाऱ्या वैदिक ग्रंथाच्या अकराव्या कांडातली कथा. आधी नुसतं पाणी. पाण्याने तप केलं, त्यातून सोन्याचं अंडं झालं आणि ते वर्षभर तरंगत राहिलं. मग त्यातून प्रजापती जन्मला. त्याला उभं राहायला जागाच नव्हती, म्हणून अंडंच त्याला घेऊन आणखी वर्षभर तरंगलं. वर्ष झाल्यावर त्याने बोलायचा प्रयत्न केला. ‘भूः’ म्हणाला, पृथ्वी झाली. ‘भुवः’ म्हणाला, अंतरिक्ष. ‘स्वः’ म्हणाला, द्युलोक. पुढे ग्रंथकार अगदी सहज सांगून जातो: म्हणून तर मूल वर्षाचं झालं की बोलू पाहतं. यज्ञाचा एवढा किचकट ग्रंथ, पण लिहिणाऱ्याचं लक्ष अंगणात रांगणाऱ्या पोराकडेही होतं.

पुराणांपुढे मात्र पेच होता, कारण या सगळ्या कथा एकत्र नांदवायच्या होत्या. त्यांनी काळच फिरता केला. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, हजार चतुर्युगं, ४३२ कोटी मानवी वर्षं. दिवस मावळला की प्रलय, उजाडलं की पुन्हा सृष्टी. त्यामुळे ‘सुरुवात’ एक नाही, आणि प्रत्येक खेपेची कथा वेगळी असायला हरकत नाही. विष्णुपुराणात मागचा कल्प पाद्म, म्हणजे कमळाचा. आताचा वाराह, म्हणून यात वराह बुडालेली पृथ्वी वर काढतो. अभ्यासक याला मागाहून घातलेले टाके म्हणतील. मलाही तसंच वाटतं, पण टाके सुबक आहेत.

तुम्ही हे ऐकलेलंही असणार. पूजेच्या संकल्पात गुरुजी भराभर म्हणतात ना, ‘ब्रह्मणो द्वितीये परार्धे... श्रीश्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वंतरे’? तो आपला पत्ता आहे: ब्रह्मदेवाची पन्नाशी उलटलेली, एक्कावन्नाव्या वर्षाचा पहिला दिवस, आणि त्या दिवसातलं सातवं मन्वंतर, म्हणजे सातव्या मनूचा काळ.