बाळ सुखरूप आहे, मग तक्रार कसली?

प्रश्न : ताई, माझ्या वहिनीची डिलिव्हरी सरकारी दवाखान्यात झाली, बाळ-बाळंतीण ठणठणीत आहेत पण ती सारखी रडते, म्हणते कळा येत होत्या तेव्हा नर्स ओरडल्या, आईला आत येऊ दिलं नाही, पोट जोरात दाबलं. घरचे म्हणतात सगळं नीट झालं ना मग कशाला तक्रार?

उत्तर : नीट झालं म्हणजे फक्त जीव वाचला एवढंच नसतं गं. वहिनीचं दुःख खरं आहे, आधी तिचं ऐकून घ्या, मधे मधे 'जाऊ दे' म्हणू नका. सरकारी दवाखान्यात कळांच्या वेळी सोबत एक बाई असू द्यायची हे केंद्राने 2016 मध्येच मान्य केलंय, आणि बाळ बाहेर यावं म्हणून पोट दाबायला जागतिक आरोग्य संघटनेचाच नकार आहे. सरकारी दवाखान्यातली बाळंतपणं सुधारण्यासाठीच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात तर लेबर रूममध्ये मानाने वागवणं आणि बाईचं समाधान दोन्ही मोजतात, म्हणजे तिचं मत द्यायला तिथे जागा आहे. आणि बघा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझेरियन, औषधं, जेवण, येण्या-जाण्याची गाडी सगळं फुकट असतं, कुणी पैसे मागितले असतील तर तेही तक्रारीत लिहा. नर्सवर कामाचा ताण असतो, मान्य, पण कळा सोसणाऱ्या बाईवर ओरडायची मुभा त्याने मिळत नाही. वहिनीची तयारी असेल तरच वैद्यकीय अधीक्षकांना लेखी द्या, तारीख वेळ घालून, आणि पोच घ्या. रडणं दोन आठवड्यांच्या पुढे गेलं तर मात्र थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.