अंधाऱ्या, विचित्र इंडी (छोट्या, स्वतंत्र चमूंनी बनवलेल्या) गेम्सचं मराठीत परीक्षण लिहायचं आहे. ग्राफिक्स, गेमप्ले वगैरेंना गुण कसे द्यावेत?

देऊच नका. प्रगतिपुस्तकासारखे रकाने क्रिकेटच्या गेमला चालतात, या गेम्सना नाही.

तावातावाने लिहितोय, कारण हे भांडण मी केलेलं आहे. अंधेरीतल्या एका वेबसाइटसाठी ‘पेपर्स, प्लीज’वर लिहिलं होतं. लुकास पोपचा २०१३ चा गेम. हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही खिडकीतले कारकून. पासपोर्ट बघा, शिक्का मारा, पुढचा! माणसामागे ५ क्रेडिट (गेममधलं चलन) पगार. एकदा एक नवरा येतो, कागद चोख. जाता जाता म्हणतो, मागे बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवानाच नसतो. सोडलंत तर खर्रकन ठपक्याची चिठ्ठी छापून येते. दिवसाच्या पहिल्या २ चुका माफ, तिसरीपासून पगार कापतात. आणि रात्री हिशेबाला भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, कोणी आजारी असेल तर औषध. माझ्या दोन चुका आधीच झाल्या होत्या. मारला लाल शिक्का. नवरा आत, बायको बाहेर, आणि पुढचा माणूस खिडकीशी हजर.

एवढंच लिहून पाठवलं. संपादकाचा फोन आला तेव्हा मी दादरच्या पुलावर, ऐन गर्दीत. ‘ग्राफिक्स दहापैकी किती? रिप्ले व्हॅल्यू, म्हणजे पुन्हा खेळावासा वाटतो का? आणि गेम रटाळ आहे हे लिहिलंच नाहीस.’ अहो, रटाळ असणारच! त्या रटाळपणानेच तर बाईला हाकलताना हात इतका सहज चालतो. लोक वळून बघेपर्यंत ओरडलो. उपयोग शून्य. ग्राफिक्सला ४ गुण त्याने स्वतःच टाकले आणि मथळा दिला, ‘रेट्रो धमाल’. धमाल!

तर, गेम तुमच्याकडून काय करवून घेतो ते लिहा. ‘लिंबो’ कृष्णधवल आहे हे ट्रेलरमध्येही दिसतं. त्यातला पोरगा पुन्हा पुन्हा मरतो तेव्हाच पुढची वाट कळते, हे तुम्ही सांगायचं. ‘पॅथॉलॉजिक’मध्ये साथ पसरलेलं गाव, १२ दिवस, न थांबणारं घड्याळ आणि चालून चालून निघालेला जीव. ‘चालणं कंटाळवाणं’ म्हणून थांबलात तर अर्धंच लिहिलंत. आणि तासभर खेळून तर लिहूच नका.

हां, काळं ते सगळं थोर असं नाही. नुसतं रक्त आणि अचानक किंचाळणारं बाहुलं असेल तर बिनधास्त झोडा. ‘फिअर अँड हंगर’सारख्या गेममध्ये लैंगिक हिंसा आहे, ते पहिल्याच परिच्छेदात सांगा, त्याने कोणाची मजा जात नाही. शेवट किती उघड करायचा, ते तुमचं तुम्ही ठरवा.

आणि कोणी रकाने भरून मागितलेच, तर मानधन आधी घ्या. त्या ‘धमाल’चं माझं अजून यायचंय.