लाटांची समीकरणं, पण कुठल्या विभागात?

"माई, गोवा विद्यापीठातून गणितात एमएस्सी केली, नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्तीही मिळाली. पीएचडीसाठी आयआयटी मुंबईच्या गणित विभागात निवड झालीय, आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत वातावरण व महासागर विज्ञान केंद्रातही. काम दोन्हीकडे लाटांच्या समीकरणांवरच. बाबा म्हणतात, पीएचडीच्या पदवीवर गणित नसेल तर गोव्यात कॉलेजात कोण घेणार? आठ दिवसांत कळवायचंय." – दिवाडीची एक मुलगी

बाय,

तुझ्या चार पानांतली तीन बाबांच्या काळजीची आणि संस्थांच्या तुलनेची. चौथ्या पानावर मात्र तू फेरीबोटीच्या धक्क्यावरून पाहिलेली भरती लिहिलीस, आणि तिथं तुझा हात थांबतच नाही. मांडवीच्या मुखाशी भरती-ओहोटीत सुमारे 2 मीटरचा फरक, आणि चाळीसेक किलोमीटर आत गेली तरी ती फारशी खचत नाही, असं का? तळाशी घासून ती मरायला हवी. पण पात्र आत अरुंद होत जातं. आवळल्यामुळं पाणी जेवढं चढतं, साधारण तेवढंच घर्षण खातं.

भरतीच्या या लाटेचं समीकरण घेऊन दोन्हीकडे जा. गणित विभागात विचारतील, याला उत्तर असतंच का, एकच असतं का, किती काळ टिकतं? सिद्धता पक्की झाली की प्रबंध उभा राहिला. महासागर केंद्रात विचारतील, भरतीमापकाच्या नोंदींशी जुळतं का? नाही जुळलं तर मांडणी कितीही देखणी असो, पुन्हा बसावं लागतं. चौथ्या पानावरचा तुझा प्रश्न या दुसऱ्या जातीचा आहे. म्हणून मी बंगळुरू म्हणेन.

पहिलं वर्ष जड जाईल. द्रवगतिशास्त्र मुळापासून शिकावं लागेल, तेही भौतिकशास्त्र नि इंजिनिअरिंग करून आलेल्यांसोबत. गणित विभाग त्याच आवारात आहे. तिथले पीडीईचे, म्हणजे लाटांसारख्या गोष्टी मांडणाऱ्या आंशिक विकलक समीकरणांचे, कोर्स घेता येतील का, सहमार्गदर्शक मिळेल का, हे होकार देण्याआधी विचारून घे.

बाबांना सांग, एमएस्सी गणितात आहे, नेटही गणितातच. सहायक प्राध्यापक व्हायला यूजीसीला संबंधित विषयातली पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी आणि नेट लागते. ते दार उघडंच राहतं. जेआरएफचे महिना 37,000 दोन्हीकडे सारखेच.

आता जे मी विभागापेक्षाही मोठं मानते ते. दोन्हीकडच्या मार्गदर्शकांच्या जुन्या विद्यार्थ्यांना उद्याच फोन लाव. आठवड्याला भेट होते का? लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत येतं? प्रबंधाला किती वर्षं लागली? मधेच कोणी सोडून गेलं का? बंगळुरूहून उत्तरं टाळाटाळीची आली, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेव आणि मुंबईला जा.

– माई